यातलं तुम्ही काय केलं?

कोल्हापूर परिसरात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर, पण कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय मोजकेच. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, चेहरा ओळखून हजेरी आणि चॅट ॲप्लिकेशन. त्यातलं चॅट ॲप्लिकेशन सगळ्यांत लाडकं, कारण ते काय करतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका लॅपटॉपवर ‘हाय’ लिहायचं आणि दुसऱ्यावर ‘हाय’ उमटलं की प्रात्यक्षिक संपलं. गट चौघांचा असतो. एक कोड लिहितो, दुसरा रिपोर्टचं बायंडिंग करून आणतो, तिसरा पीपीटी सजवतो आणि चौथा परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलच्या चहा-नाश्त्याचं बघतो. चौघांचे आपसातले निरोप अर्थातच व्हॉट्सॲपवरून जातात. मग एक्स्टर्नल चहात बिस्किट बुडवता बुडवता विचारतात, “हे सगळं तर तयार मिळतं. यातलं तुम्ही काय केलं?” बिस्किट चहात तुटतं, पण प्रश्न तुटत नाही. कोड लिहिणारा पोरगा मान खाली घालून म्हणतो, “इंटिग्रेशन केलं, सर.” सायकलचोर पकडला गेल्यावर ज्या सुरात ‘नुसती फिरवायला घेतली होती’ म्हणतो, त्या सुरात. माझं म्हणणं असं की मान खाली घालायचं काहीच कारण नाही. त्या प्रोजेक्टमध्ये करण्यासारखं जे काही होतं ते जोडकामच होतं, आणि ते त्याने नीट केलं असेल तर बाकीचं सगळं आयतं असूनही प्रोजेक्ट त्याचा आहे. नीट केलं नसेल तर मात्र एकेक ओळ स्वतः लिहूनही तो कुणाचाच नाही.

आधी एक्स्टर्नलची बाजू घेऊ, कारण ती वरवर पक्की आहे. चॅट क्लायंटचे भाग खरोखरच तयार मिळतात. सर्व्हरशी जोडणी धरून ठेवणारा सॉकेट, आलेल्या ओळींचा अर्थ लावणारा पार्सर, निरोप एकाखाली एक मांडणारी यादी, लिहायची चौकट आणि ‘पाठवा’चं बटण, एवढाच संसार. १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी नावाची गप्पांची सोय केली, आणि तिचे नियम १९९३ मध्ये कागदावर आले. ते नियम इतके सरळ आहेत की क्लायंट नसला तरी टेलनेट उघडून हाताने आज्ञा लिहीत गप्पा मारता येतात. अमुक माझं नाव, अमुक खोलीत मला घ्या, अमुक निरोप द्या. मधूनमधून सर्व्हर ‘पिंग’ म्हणतो आणि आपण ‘पाँग’ म्हणायचं असतं. रात्री वीज गेल्यावर तालमीच्या कट्ट्यावरून ‘हाईस का रं?’ अशी हाक येते आणि अंधारातून ‘हाय की!’ असं उत्तर जातं, तसलाच हा प्रकार. उत्तर आलं नाही तर माणूस उठून गेला असं धरून त्याचं नाव यादीतून कमी. पुढे नव्वदच्या दशकात व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी आले, तेव्हा सॉकेटचं छोटं चित्र माउसने उचलून फॉर्मवर टाकलं की जोडणीचं निम्मं काम झालेलं असे. सगळ्यांना हेच तर हवं होतं. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या आश्रयाने एक परिषद भरली (शत्रूच्या रणगाड्यांपेक्षा स्वतःचे प्रोग्रॅम जास्त छळतात, हे त्या लष्करी युतीला इतक्या लवकर कळलं होतं). तिथे बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी मागणी केली की सॉफ्टवेअरचेही भाग कारखान्यात झाल्यासारखे मुबलक व्हावेत आणि कॅटलॉग बघून निवडता यावेत. ती मागणी पुरी झाली, कॅटलॉग लाखांच्या घरात गेला, आणि आता ते भाग वापरले म्हणून पोरांना जाब विचारला जातो.

हाच जाब कुणी शिवाजी उद्यमनगरात जाऊन विचारून बघावा. एकेकाळी शेतातलं पाणी उपसायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला लागणारी ऑइल इंजिनं या गावात होत, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांतून गाड्यांच्या कारखान्यांना कास्टिंग जातात. या सगळ्या धंद्याची रीत एकच: एका छपराखाली सगळं कुणीच करत नाही. पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, लेथचं जॉबवर्क तिसऱ्याकडे, ग्राइंडिंग गल्लीच्या टोकाला, आणि बेअरिंग, रिंगा, नट-बोल्ट सरळ दुकानातून. या पसाऱ्यातून इंजिन उभं करणाऱ्या मिस्त्रीला ‘बेअरिंग तर विकतचं, यातलं तुमचं काय?’ असं विचारलं, तर तो उत्तर देण्याच्या भानगडीत पडणार नाही, हातातला पाना फक्त दुसऱ्या हातात घेईल. कारण त्याला ठाऊक असतं की सुटे भाग पोत्यात घालून कितीही हलवले तरी त्यांचं इंजिन होत नाही. कुठे किती फट ठेवायची, कोणता बोल्ट आधी आवळायचा, कुठे पॅकिंग घालायचं आणि चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावल्यावर जी टकटक येते ती कशाची, हे कोणत्याच भागाबरोबर डब्यात येत नाही. मिस्त्रीची एक सोय मात्र सॉफ्टवेअरवाल्याला नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं आणि तेव्हापासून एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसू लागला. गप्पांच्या जगातही तसे आटे पाडून झाले होते. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर जाहीर केलं, २००४ मध्ये त्याचं रीतसर प्रमाण झालं, आणि २००५ मध्ये खुद्द गूगलने आपलं चॅट त्यावर उभं केलं. मग २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि त्या आट्यांची वाट सोडली. आता ज्याचा त्याचा बोल्ट आणि ज्याचा त्याचा पाना. दर महिन्याला नवा पाना घ्यायची आपलीही तक्रार नसते, हे त्यातलं विशेष.

तर, आटे जुळत नसलेल्या भागांची जोडणी म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू, कारण एक्स्टर्नलची नजर तिथपर्यंत पोचायच्या आत चहा संपलेला असतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असतो आणि भानगड दोन भागांच्या मध्ये होते. सॉकेट बाइट पोचवतो, क्रमाने आणि बिनचूक पोचवतो, पण निरोप कुठे संपला हे त्याला कळत नाही. ते त्याचं कामच नव्हे. सॉकेट ज्या टीसीपीच्या नियमांनी चालतो त्यांच्या लेखी निरोप ही चीजच नसते, असते ती सलग धार. त्यामुळे एकाने ‘जेवायला येऊ नको’ असं पाठवलं, तर समोरच्या पडद्यावर आधी ‘जेवायला ये’ उमटू शकतं आणि ‘ऊ नको’ मागाहून, स्वतंत्र निरोप म्हणून. तोवर पाहुणा गाडीला किक मारून निघालेला असतो. सॉकेट म्हणतो मी सगळं दिलं, यादी म्हणते मी मिळालं तेवढं दाखवलं. दोघंही खरं बोलतात आणि ताट एक कमी पडतं. त्यात यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. धार नेमकी त्या तिघांच्या मध्ये तुटली आणि कुणी तुकडा आल्या आल्या वाचायला घेतला, तर अक्षराऐवजी काळ्या शंकरपाळीत बसलेलं पांढरं प्रश्नचिन्ह दिसतं. धार साठवायची, ओळ पूर्ण व्हायची वाट बघायची, मग अक्षरं करायची आणि मगच यादीला द्यायची, हे पाच-दहा ओळींचं काम ना सॉकेटचं असतं ना यादीचं. ते त्या पोराचं असतं.

मोजदादीचं तर विचारूच नका. ‘कोल्हापूर’ या शब्दात अक्षरं किती? बालवाडीतलं पोर सांगेल चार. युनिकोडला विचारलं तर तो मात्रा, पाय मोडणं सगळं सुटं मोजून सांगतो नऊ. जाळ्यावरून धाडणाऱ्या भागाला विचारलं तर तो बाइट मोजतो, सत्तावीस. तिघंही आपापल्या वहीत बरोबर आहेत. आता नावं जागेत बसवण्यासाठी सहा चिन्हांनंतर कापून पुढे तीन टिंबं देणारा एखादा तयार भाग घ्या. इंग्रजी नावांचं त्याने काही बिघडत नाही. कापलेलं ‘अलेक्झांडर’ इंग्रजीत कापलेल्या अलेक्झांडरसारखंच दिसतं. पण ‘कोल्हापूर’ची पहिली सहा चिन्हं ठेवली की पडद्यावर उरतो ‘कोल्हा…’. जगात भारी म्हणवणाऱ्या गावाचं असं जनावर करून ठेवणारा तो भाग बिचारा निर्दोष असतो, त्याला हे गाव कुणी सांगितलेलंच नसतं. आयआरसीच्या जुन्या नियमात टोपणनाव जास्तीत जास्त नऊ चिन्हांचं असे आणि पूर्ण निरोप, शेवटच्या ओळतोडीसकट, ५१२ बाइटांचा. म्हणजे आपल्या गावाचं नाव एका निरोपात जेमतेम अठरा वेळा घेता येईल, आणि त्याला इथल्या हिशेबाने फक्त सुरुवात म्हणतात. शोधायचा भाग घेतला तर त्याची वेगळीच तऱ्हा. ‘पांढऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन निराळ्या रीतींनी साठवता येतो. एकीत टिंबवाला ‘ऱ’ असतो, दुसरीत साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन परके शब्द वाटतात. पांढऱ्या रश्श्याचं आवतण कोणत्या वारचं होतं हे शोधायला जावं, तर यंत्र शपथेवर सांगतं की या घरात पांढऱ्या रश्श्याचा विषय कधी निघालेलाच नाही. दोन्ही रीती आधी एकसारख्या करून मग शोधाव्यात, हे ज्याला सुचतं आणि करता येतं, त्याने यातलं काय केलं ते उघड आहे.

घड्याळांचा घोळ थोडक्यात सांगतो. दोन फोनची घड्याळं जुळत नसली आणि निरोप पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे लावले, तर प्रश्नाच्या वर उत्तर दिसतं. वेगवेगळ्या यंत्रांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ कशाला म्हणावं यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये लिहिलेला लेख या विषयात आजही पायाचा मानतात. कोल्हापुरात तसंही प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं, म्हणून हा दोष इथे जरा उशिरा ध्यानात येतो. आणि पाठवलेला निरोप वाचला गेल्याची निळी खूण कळवणारा भाग २०१४ पासून आहे, पण ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ लिहिणारा माणूस अजून आंघोळीला जायचा आहे, हे कळवणारा भाग कोणत्याच कॅटलॉगात नाही. मागणी प्रचंड असूनही कुणी तो काढत नाही, कारण पहिल्याच दिवशी त्याच्यात सगळेच सापडतील.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो कॉलेजातूनच येतो: पोरांनी शिकायचं तर सगळं मुळापासून लिहायला नको का? बाबूराव पेंटरांच्या गावात हे ऐकायला फार गोड लागतं. त्यांनी १९१८ च्या सुमाराला इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. खरी गोष्ट, आणि अभिमान बाळगावा अशीच. पण कॅमेरा घरचा असला तरी त्यात घालायची कच्ची फिल्म परदेशातूनच येत होती, आणि बाबूरावांनी ती बनवेपर्यंत चित्रीकरण थांबवलं नाही. त्यांना सिनेमा करायचा होता. जो भाग हाताशी नव्हता तो घडवला, जो मिळत होता तो घेतला. ‘मुळापासून’ या शब्दाला नाहीतरी तळच नसतो. क्लायंट स्वतः लिहायचा तर सॉकेट का नको? सॉकेट लिहिला तर टीसीपी का नको? असं खाली उतरत गेलं की शेवटी पंचगंगेच्या पात्रातली वाळू आणून तिच्यातून चिपसाठी सिलिकॉन काढायला बसावं लागेल, आणि वाळूउपशाचा परवाना मिळेपर्यंत चौघांचीही नातवंडं पास होऊन गेलेली असतील. शिकण्यासाठी एकदा टेलनेट उघडून हाताने पिंगला पाँग म्हणावं, आत काय चालतं ते बघावं, एवढं मी मान्य करतो. ते सक्तीचं केलं तरी हरकत नाही. पण त्याला प्रोजेक्ट म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: परक्याच्या भागावर घर बांधलं आणि त्याने भाग काढून घेतला तर? असं झालेलं आहे, आणि तेही चॅटच्याच पायी. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरने एनपीएम या भागांच्या भांडारात ‘किक’ नावाचा एक भाग ठेवला होता. किक नावाची चॅट कंपनी कॅनडात होती. तिने नाव मागितलं, भांडाराने ते तिला देऊन टाकलं, आणि २२ मार्च २०१६ रोजी कोचुलूंनी चिडून आपले सगळे भाग, अडीचशेहून जास्त, उचलून नेले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होता. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरून लांबी सारखी करायची, हे त्याचं काम आणि अकरा ओळी हे त्याचं वय, उंची, वजन सगळं. पण त्यावर दुसरे भाग उभे होते, त्यांच्यावर तिसरे, आणि जगभर हजारो ठिकाणी बांधणी अडली. दोनेक तासांत भांडाराने तो भाग परत ठेवला आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले. आक्षेपक यातून ‘परक्याचं वापरू नका’ असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. बेअरिंगचा दुकानदार एक दिवस दुकान बंद ठेवतो म्हणून उद्यमनगरातला मिस्त्री बेअरिंग ओतायला घेत नाही, फार तर दोन जास्तीची आणून फळीवर ठेवतो. उलट वॉशरसाठी मात्र तो परगावी ऑर्डर देत नाही, हाताशी असलेल्या पत्र्यातून कापून घेतो. अकरा ओळींची मोकळी जागा म्हणजे तो वॉशर होता. आणि निरोप कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन म्हणजे बेअरिंग. ते स्वतः लिहायला बसणाऱ्या हुशार पोराला घरच्यांनी वेळीच आवरावं. काय विकत आणायचं आणि काय हाताने करायचं हे ठरवणं हाही जोडकामाचाच भाग आहे, बहुधा निम्मा.

“ठीक आहे, पण असलं जोडकाम प्रोजेक्टपुरतं, मोठी कामं अशी होत नाहीत,” असंही ऐकू येतं. तर मग व्हॉट्सॲपकडे बघा. २००९ मध्ये यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी कंपनी काढली. सर्व्हरसाठी त्यांनी सुरुवातीला ईजॅबरडी हा आयता, फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला. अलेक्सी शेपिन यांनी तो २००२ पासून जॅबरसाठी लिहायला घेतला होता. त्याची एर्लांग भाषा स्वीडनच्या एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली. खालची फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्यांची. पुढे २०१६ मध्ये सर्वांसाठी आलेलं एन्क्रिप्शन सिग्नल या दुसऱ्या मेसेंजरवाल्यांचं. या जोडगोळीला आपल्या एक्स्टर्नलसमोर उभं केलं असतं तर प्रश्न ठरलेलाच होता. २०१४ मध्ये फेसबुकने त्यांची पन्नास-पंचावन्न माणसांची कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा तिचे वापरणारे ४५ कोटी होते. एवढ्यावर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पूर्ण मिळायला हरकत नसावी. त्यांनी त्या सर्व्हरमध्ये नंतर पुष्कळ फेरबदल केले हे खरं, पण लोक त्यांच्याकडे आले ते एका सांध्यामुळे. त्याआधीच्या मेसेंजरांत आधी टोपणनाव शोधा, ते कुणीतरी घेतलेलं असायचं, मग त्याला आकडे जोडा, मग पासवर्ड विसरा, मग मित्रांची टोपणनावं गोळा करा. यांनी मोबाइल नंबर हेच नाव केलं आणि फोनमधली नंबरांची यादी हीच मित्रांची यादी. नंबर आधीच होता, यादी आधीच होती, सर्व्हर आयता होता. या तिघांना एकत्र बसवणं तेवढं कुणी केलं नव्हतं, आणि म्हणून ज्याने आयुष्यात कधी पासवर्ड ठेवला नाही तो आजऱ्याचा मामाही एका दुपारीत ऑनलाइन आला.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी: व्हॉट्सॲप आहेच, तर आता पोरांनी आणखी एक चॅट कशाला जोडायचं? याचं उत्तर मला राजाराम बंधाऱ्यावर मिळतं. पंचगंगेची पातळी तिथे फुटांत मोजतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात हा आकडा गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ज्यांनी महापूर पाहिला, त्यांच्या लेखी तो आकडा म्हणजे जनावरं सोडायची की अजून थांबायचं याचा निर्णय असतो. पण व्हॉट्सॲपवर निरोप पुढे ढकलला की त्याच्यावर वेळ लागते ती ढकलण्याची. सकाळचं माप रात्री ‘आत्ताची पातळी’ म्हणून येतं, गेल्या वर्षीचा फोटो यंदा येतो, आणि चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत लोक एकाच नदीची चार वेगवेगळी पाणी मोजतात. व्हॉट्सॲपचा यात दोष नाही, त्याचे भाग ज्या कामासाठी जोडले ते काम ते चोख करतात. इथे सांधा वेगळा लागतो. सॉकेट आयता घ्या, यादी आयती, बटण आयतं. फक्त पातळीचा आकडा आणि मोजल्याची वेळ एकमेकांपासून सुटणार नाहीत असा एक भाग स्वतः लिहा, कारण राजाराम बंधारा ठाऊक असलेला भाग कोणत्याही भांडारात मिळायचा नाही. कुणी म्हणेल, लोक त्याचाही स्क्रीनशॉट काढून वेळ कापून फॅमिली ग्रुपवर टाकतीलच. टाकतील, आपल्या काकांना आपण ओळखतो. म्हणून वेळ आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत देऊ नये, आकड्याच्या पोटातून आडवी छापावी, म्हणजे काकांनी वेळ कापली तर फूटही कापले जातील.